वसईहून एव्होराला: आलेंतेजो प्रांतातले पाच दिवस

वसईच्या किल्ल्यात लहानपणापासून फिरताना मला नेहमी एकच प्रश्न पडत असे: ही गल्ली, ही वेस, हे छप्पर उडालेले चर्च वापरात असताना कसे दिसत असेल? पोर्तुगीज इथे १५३४ साली आले आणि १७३९ साली चिमाजी अप्पांनी किल्ला जिंकल्यावर निघून गेले. मधल्या दोनशे वर्षांचे एक अख्खे शहर आज वडापिंपळाच्या मुळांत उभे आहे. माझी आई वसईतल्या शाळेत इतिहास शिकवत असे आणि दर वर्षी मुलांना घेऊन किल्ल्यात जात असे. निवृत्तीनंतर तिने एकच इच्छा बोलून दाखवली होती: "त्यांचे एखादे नांदते गाव मला बघायचे आहे." म्हणून या वर्षी जूनच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही दोघी पोर्तुगालमधल्या एव्होराला गेलो. एव्होराच निवडण्याला कारण होते. १७५५च्या भूकंपात लिस्बन कोसळले आणि त्याचा बराचसा भाग नव्याने बांधावा लागला. एव्होराचे तटाच्या आतले जुने गाव मात्र तसेच राहिले आणि १९८६ साली त्याची जागतिक वारसा यादीत नोंद झाली.

पहिला दिवस

लिस्बनहून आगगाडीने साधारण दीड तास लागतो. गाडी टेगस नदीवरचा उंच पूल ओलांडते, मग हळूहळू घरे विरळ होत जातात आणि पिवळ्या, कापणी झालेल्या माळरानावर एकेकटी गोल झाडे दिसू लागतात. एव्होराच्या स्थानकाच्या भिंतींवर निळ्यापांढऱ्या फरशांची चित्रे आहेत. आई तिथेच पंधरा मिनिटे रेंगाळली. बाहेर पडलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते आणि पारा ३९ अंशांवर होता.

हा उन्हाळा आपल्या उन्हाळ्यासारखा नाही. वसईत मे महिन्यात घामाने अंग चिंब होते. इथल्या कोरड्या हवेत घाम आलेला कळतच नाही, तो जागच्या जागी वाळून जातो आणि त्यामुळे पाणी प्यायचे भान राहत नाही. रस्त्यावर चिटपाखरू नव्हते. घरे चुन्याने पांढरीशुभ्र रंगवलेली, आणि जमिनीलगत व दारेखिडक्यांच्या कडांना पिवळ्या मातीचा रुंद पट्टा. आपल्याकडे गावच्या घरांना तळाशी गेरूचा पट्टा ओढतात, त्याची मला आठवण झाली.

आम्ही एका जुन्या घरातली वरची खोली घेतली होती. घरमालकीणबाई सत्तरीच्या पुढच्या. इंग्रजी जेमतेम, पण बोलण्याची हौस दांडगी. त्यांनी आधी खिडक्यांच्या लाकडी झडपा लावून घेतल्या आणि खुणेने बजावले की सकाळी नऊला त्या बंद करायच्या आणि रात्रीच उघडायच्या. मग माझ्या हातात लोखंडी किल्ली ठेवून त्या म्हणाल्या, "शाव." मी आईकडे पाहिले आणि ती हसून म्हणाली, "चावी!" हा शब्द आपण त्यांच्याकडूनच घेतला आणि जुन्या पोर्तुगीजमध्ये त्याचा उच्चार "च"नेच होत असे, म्हणजे तिथे बदललेला उच्चार आपल्या तोंडी तसाच राहिला आहे. त्या संध्याकाळी दोघींचा खेळच सुरू झाला. पाव, बटाटा, कोबी, काजू, अननस, तंबाखू, लिलाव, घमेले, मेस्त्री: आई एकेक शब्द सांगे आणि बाई टाळी वाजवून त्यांचा शब्द सांगत.

सूर्य नऊच्या सुमारास मावळतो आणि गाव तेव्हाच जागे होते. जिराल्दो चौकात आम्ही साडेनऊला पोहोचलो तर लहान मुले पळापळी खेळत होती आणि म्हातारी माणसे कमानींखाली बाकांवर बसली होती. चौकाला नाव मिळाले आहे ते ११६५ साली हे गाव मूरांकडून, म्हणजे तेव्हाच्या मुस्लिम राज्यकर्त्यांकडून, घेणाऱ्या निधड्या जिराल्दोचे. मधोमध १५७१ सालचे संगमरवरी कारंजे असून त्याला आठ तोंडे आहेत. चौकात येऊन मिळणाऱ्या आठ रस्त्यांसाठी ती आठ, असे बाईंनी सांगितले होते. याच गावात १५३६ पासून, पाखंडी ठरवलेल्यांना शिक्षा देणाऱ्या धर्मन्यायालयाचे (इन्क्विझिशनचे) कामकाज चालत असे. गोव्यात १५६० साली तेच आले. आई कारंज्याच्या कठड्यावर बराच वेळ गप्प बसली होती.

उन्हाळ्यात जाणार असाल तर दिवस दोन तुकड्यांत वाटावा: सकाळी आठ ते बारा आणि संध्याकाळी सहानंतर. दुपारी बरीच दुकाने बंद असतात; तेव्हा झोप काढावी. गल्ल्यांतले दगड झिजून गुळगुळीत झालेले आहेत, त्यामुळे चांगली पकड असलेले बूट हवेत.

दुसरा दिवस

सकाळी सर्वांत आधी रोमन मंदिर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातले हे मंदिर डायना देवीचे म्हणून ओळखले जाते, पण ते नाव फार नंतर चिकटले. मूळ मंदिर बहुधा सम्राटाच्या पूजेसाठी असावे. चौदा खांब उभे आहेत, अंग ग्रॅनाइटचे आणि माथ्यावरची कोरीव पाने एस्त्रेमोजच्या संगमरवराची. ते वाचले कसे, ही गोष्ट मला फार आवडली. मध्ययुगात खांबांच्या मधल्या जागा भिंतींनी बुजवल्या गेल्या आणि १८३६ पर्यंत तिथे खाटिकखाना होता. वापरात होते म्हणूनच कोणी ते पाडले नाही. १८७१ साली भिंती काढल्या तेव्हा खांब पुन्हा उजेडात आले. आई म्हणाली, "आपल्याकडेही कोणी राहिले असते तर छपरे टिकली असती."

तिथून दोन मिनिटांवर कॅथेड्रल आहे. ११८६ साली सुरू झालेली ही इमारत किल्ल्यासारखी दणकट दिसते. आत शिरताच गारवा अंगावर येतो. मध्यभागी एका वेदीवर गरोदर मेरीची रंगीत मूर्ती आहे, एक हात पोटावर ठेवलेला. बाळंतपण सुखरूप व्हावे म्हणून बायका इथे प्रार्थनेला येतात. त्या सकाळीही एक तरुण मुलगी हात जोडून उभी होती आणि शेजारी तिची आई. माझी आई त्यांच्यामागे जाऊन उभी राहिली आणि तिनेही हात जोडले.

वरच्या मजल्यावर सोळाव्या शतकातला ऑर्गन आहे. १५८२ साली जपानहून चार किशोरवयीन मुले युरोपला निघाली. मकाव, मलाक्का आणि गोवा करत दोन वर्षांनी ती लिस्बनला उतरली आणि १५८४च्या सप्टेंबरात एव्होराला आली. त्यांपैकी दोघांनी, मान्सियो आणि मिगेल यांनी, इथला ऑर्गन वाजवला. नागासाकीहून निघालेले, गोवा पाहिलेले ते पोर या थंड दगडी छताखाली सुरांवर बोटे ठेवतात, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून जाईना. नंतर जिन्याने गच्चीवर गेलो. तिथून गावाची लाल कौले आणि त्यांच्यापलीकडे क्षितिजापर्यंत पसरलेले माळरान दिसते. गच्चीवर सकाळी दहाच्या आत जावे, नंतर दगड तापतात.

दुपारचे जेवण हा दिवसाचा खरा शोध होता. एका लहानशा खाणावळीत आम्ही आसोर्दा मागवला. खाणावळीच्या मालकीणबाईंनी आमची उत्सुकता पाहून आईला थेट स्वयंपाकघरात बोलावले. त्यांनी दगडी खलात लसूण, जाडे मीठ आणि मूठभर हिरवीगार कोथिंबीर टाकून कुटायला सुरुवात केली आणि त्या वासाने आम्हा दोघींच्या घशात आवंढा आला. युरोपात कोथिंबीर इतक्या सढळ हाताने वापरली जात असेल, असे वाटलेच नव्हते. कुटलेला हिरवा गोळा मातीच्या वाडग्यात, त्यावर ऑलिव्हचे तेल, मग उकळते पाणी, त्यात शिळ्या पावाचे जाड तुकडे आणि वर पाण्यात शिजवलेले अंडे. बस्स, इतकेच. शिळ्या भाकरीचा काला करणाऱ्या कुठल्याही घरात हा पदार्थ परका वाटणार नाही. आलेंतेजो हा मोठ्या जमीनदारांचा आणि भूमिहीन शेतमजुरांचा प्रांत होता. पाव, तेल आणि रानातली हिरवळ यांवर इथल्या गरिबांनी एवढी चवदार पाककला उभी केली, याचे मला मनापासून कौतुक वाटते. दुसऱ्या दिवशी थंड गास्पाचो खाल्ला, तोही बारीक चिरलेल्या टोमॅटोकाकडीच्या पाणीदार कोशिंबिरीसारखा, आणि त्यातही पाव होताच.

शाकाहारी मंडळींनी सूप किंवा आसोर्दा मागवताना रस्सा कशाचा आहे ते विचारून घ्यावे. कधी त्यात मासा किंवा डुकराचे मांस असते. टेबलावर न मागता आलेला पाव, ऑलिव्ह आणि चीज फुकट नसते; नको असेल तर हात न लावता परत पाठवावे, कोणी राग मानत नाही.

संध्याकाळी विद्यापीठ पाहिले. १५५९ साली जेझुइटांकडे, म्हणजे त्या नावाच्या ख्रिस्ती धर्मसंघाकडे, सोपवलेले हे विद्यापीठ १७५९ साली बंद पाडले गेले आणि १९७३ साली पुन्हा सुरू झाले. वर्गांच्या भिंतींवर कमरेएवढ्या उंचीपर्यंत अठराव्या शतकातल्या फरशांची चित्रे आहेत, आणि ज्या वर्गात जो विषय शिकवला जाई त्याचीच ती चित्रे: कुठे अलेक्झांडरला शिकवणारा ॲरिस्टॉटल, कुठे भूमितीची साधने. एका कोपऱ्यात शिक्षकासाठी उंच लाकडी व्यासपीठ. त्याच्यासमोरच आजच्या विद्यार्थ्यांचे साधे बाक मांडलेले होते. वसईतल्या जेझुइट कॉलेजच्या उघड्या भिंतींपुढे उभे राहून मुलांना समजावून सांगताना आईला जे शब्दांनी उभे करावे लागे, ते इथे समोर होते. तिने एका बाकावर बसून पाहिले. अशा जागी सुट्टीच्या दिवशी न जाता कामकाजाच्या दिवशी जावे. चालत्या शाळेचा आवाज ऐकू येतो.

तिसरा दिवस

एव्होराच्या पश्चिमेला साधारण पंधरा किलोमीटरवर आल्मेंद्रेशची उभ्या शिळांची वर्तुळे आहेत. १९६४ साली संशोधकांच्या नजरेस आलेल्या या जागी सुमारे ९५ शिळा आहेत. इंग्लंडच्या स्टोनहेंजपेक्षाही त्या कितीतरी जुन्या, म्हणजे सात हजार वर्षांच्या आसपासच्या. सकाळी आठला टॅक्सीने आम्हाला तिथे सोडले आणि दहाला परत येण्याचे ठरले. उतारावर पूर्वेकडे तोंड करून पसरलेल्या त्या गोलसर, गुळगुळीत शिळा दगडापेक्षा बसलेल्या माणसांसारख्या वाटतात. कुंपण नाही, तिकीट नाही, दोन तासांत आमच्याशिवाय चारच माणसे आली.

टॅक्सी मात्र परत आलीच नाही. फोन कोणी उचलेना. अकरा वाजले, ऊन चढले आणि दोघींमध्ये मिळून एक लिटर पाणी उरले. मग आम्ही सावलीसावलीने कच्च्या रस्त्याने ग्वादालूपे गावाकडे चालू लागलो. मला आईची फार काळजी वाटत होती. पण साधारण किलोमीटरभर गेल्यावर झाडांतून ठोके ऐकू आले. पाचसहा जणांची टोळी बूच काढत होती. आपण पांढऱ्या सुवासिक फुलांच्या उंच झाडाला बुचाचे झाड म्हणतो, ते हे नव्हे. बाटल्यांची बुचे होतात ती ओक वृक्षाच्या एका जातीच्या सालीची. टोळीतल्या वयस्कर माणसाने आईला पाहताच कामाला खाडा दिला, खोका उलटा करून तिला बसवले आणि मातीच्या मडक्यातले पाणी दिले.

मग त्याने आम्हाला काम दाखवले. कुऱ्हाडीने सालीत उभी चीर द्यायची, पाते किंचित पिरगाळायचे, आणि करकर आवाज होत माणसाच्या उंचीची अख्खी साल पन्हळीसारखी सुटून येते. आतल्या अस्तराला जखम झाली तर झाड दगावते, म्हणून हात फार हलका लागतो. नुकत्याच सोललेल्या खोडाला मी तळहात लावला. ते ओलसर आणि त्या उन्हातही गार होते, रंग भाजलेल्या विटेचा. झाड पहिल्यांदा सोलायचे ते पंचविसाव्या वर्षी, आणि पुढे नऊ नऊ वर्षांनी. शिवाय दारूच्या बाटलीला चालेल असे बूच तिसऱ्या खेपेपासूनच मिळते. शेजारच्या झाडावर पांढऱ्या रंगात ३ हा आकडा होता. म्हणजे ते २०२३ साली सोललेले, आता २०३२ पर्यंत त्याला कोणी हात लावणार नाही. त्या माणसाने स्वतःच्या पांढऱ्या केसांकडे आणि एका कोवळ्या झाडाकडे बोट दाखवून मान हलवली. मी लावतो, काढणार नातू, असा त्याचा अर्थ होता. दुपारी त्यांच्याच गाडीतून त्यांनी आम्हाला गावापर्यंत पोहोचवले आणि पैसे घ्यायला साफ नकार दिला.

इथे यायचे तर टॅक्सी थांबवून ठेवावी, त्याचे पैसे आधी ठरवावे, किंवा स्वतः गाडी चालवत यावे. आणि माणशी दोन लिटर पाणी बरोबर असू द्यावे.

रात्री सेंट जॉनच्या जत्रेला गेलो. जूनच्या अखेरीस तटाबाहेरच्या मोठ्या मैदानात ती भरते. भाजलेल्या तारल्यांचा धूर, पाळणे, मातीची भांडी, आणि एका मांडवात आलेंतेजोचे काँते गाणारे पुरुष. वाद्य एकही नाही. दहाबारा जण दंडात दंड अडकवून एका ओळीत उभे राहतात, एक जण एकटा ओळ उचलतो, दुसरा वरच्या पट्टीत तिला उत्तर देतो आणि मग सगळे मिळून संथपणे गातात, एका पायावरून दुसऱ्या पायावर झुलत. २०१४ साली युनेस्कोने या गायकीची दखल घेतली. आई म्हणाली, "वारीतली पावली अशीच असते." मला ते तंतोतंत पटले.

चौथा दिवस

बसने व्हिला व्हिसोझाला जाऊन आलो. बसेस मोजक्याच आहेत, परतीची वेळ आधी पाहून ठेवावी. संगमरवराच्या खाणींनी वेढलेल्या या गावात घरांचे उंबरठे आणि रस्त्यांच्या कडासुद्धा संगमरवरी आहेत. पण आम्ही गेलो ते ब्रागांझा घराण्याच्या राजवाड्यासाठी. याच घराण्यातल्या, १६३८ साली या गावात जन्मलेल्या कॅथरीनचा विवाह इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सशी ठरला आणि १६६१च्या करारात मुंबई आंदण म्हणून लिहून दिली गेली. त्याआधी मुंबई बेट काही काळ ज्याच्याकडे पट्ट्याने होते, तो वैद्य गार्सिया द ओर्ता हाही याच प्रांताचा, कास्तेलो द विदचा. रोज लोकलने चर्चगेटला जाणाऱ्या माझ्यासारखीला त्या शांत अंगणात उभे राहून काय वाटले, ते नीट सांगता येणार नाही. वाडा वाटाड्याबरोबरच पाहावा लागतो. दालने भव्य आहेत, पण आई हरखली ती स्वयंपाकघरात. तिथे तांब्याची शेकडो भांडी चकचकीत घासून टांगली आहेत. आतून कल्हई आहे का, हे तिने वाकून वाकून पाहिले.

रात्री जेवणानंतर सेरिकाया खाल्ले: दूध, अंडी आणि वरून दालचिनीची पूड, मातीच्या ताटलीत भाजून वर भेगा पडलेले, बाजूला एल्व्हाशचे पाकातले आलुबुखार. ही कृती पूर्वेकडून, भारतातून किंवा मलाक्काहून आली, असे इथे सांगतात.

पाचवा दिवस

सकाळी मंडईत मेंढीच्या दुधाचे चीज घेतले. रानटी काट्याच्या फुलाने दूध विरजवून ते करतात. शेजारीच सेंट फ्रान्सिसचे चर्च आणि त्यातली प्रसिद्ध हाडांची खोली आहे. सुमारे पाच हजार माणसांच्या कवट्या आणि हाडे भिंतींत व खांबांत चुन्याने बसवलेली. दारावर लिहिले आहे, "आम्ही इथली हाडे तुमच्या हाडांची वाट पाहतो." भीती वाटेल असे मला वाटले होते, प्रत्यक्षात तिथे केवळ शांतता होती. मग कानो गल्लीत गेलो. १५३७ साली पूर्ण झालेला सुमारे १८ किलोमीटरचा जलसेतू इथे गावात शिरतो आणि त्याच्या कमानींत लोकांनी घरे बांधली आहेत. एका कमानीत निळे दार, दाराला पत्राची फट, उंबरठ्याशी तुळशीसारख्या मांजरीकोची कुंडी.

निघण्याआधी आईने घरमालकीणबाईंना मोबाइलवर एक फोटो दाखवला: वसई किल्ल्यातल्या फ्रान्सिस्कन चर्चच्या जमिनीतली एक कबरशिला, जिच्यावरून ती वर्षानुवर्षे मुलांना जपून नेत असे. बाईंनी चष्मा लावला, फोटो मोठा केला आणि बोट फिरवत अक्षरे वाचली. नाव झिजून गेले होते. उरलेले त्यांनी आम्हाला समजावले: ही कबर अमक्याची आणि त्याच्या वारसांची. वसई कुठे आहे ते त्यांना माहीत नव्हते. त्यांनी विचारले, "तिथे आता कोण जाते?" आई म्हणाली, "मी जाते."

परतलो तेव्हा वसईत पाऊस लागला होता. पहिल्याच रविवारी आई छत्री घेऊन किल्ल्यात गेली, मीही गेले. शिलेवर शेवाळ धरले होते. तिने पदराने ते पुसले आणि बाईंनी शिकवल्याप्रमाणे, एकेक अक्षर लावत, ती ओळ मोठ्याने वाचली.